ठाणे-कल्याणचे घोडे आणि त्यांचे पाय

घोड्याचे लंगडणे हा रोग नव्हे, लक्षण आहे. खुरात रुतलेला खिळा, ताणलेली कंडरा, झिजलेला सांधा, पोटात गेलेला जादा दाणा ही कारणे एकमेकांपासून कितीही दूरची असली, तरी शेवट एकच होतो : जनावर एक पाय चोरते आणि त्याचा भार उरलेल्या तिन्हींवर टाकते. यांपैकी कोणते कारण कुठे जास्त आढळेल, हे घोड्याच्या जातीइतकेच त्याच्या पायाखालच्या जमिनीवर ठरते. उल्हास नदी आणि ठाण्याची खाडी यांच्या काठचा ठाणे, कल्याण, भिवंडी हा पट्टा या दृष्टीने घोड्याला कधीच मानवणारा नव्हता. पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस, भातखाचरांचा चिखल, खाजणाची दलदल, आणि पाऊस ओसरला की उघडा पडणारा काळा कातळ. घोडा मुळात कोरड्या, मोकळ्या गवताळ मुलखातले जनावर. तरीही किमान सात शतके तो इथे येत राहिला. आधी विक्रीचा माल म्हणून, मग स्वाराचे वाहन म्हणून, शेवटी टांग्याला जुंपलेला.

पायाची रचना लक्षात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास नीट कळत नाही. घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याखाली आणि मागच्या पायात मोठ्या सांध्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. हाडे, कंडरा आणि कातडी एवढेच असते. मांसल भाग नसल्याने तिथे रक्तपुरवठा बेताचा असतो आणि दुखापत भरून यायला महिनोन्‌महिने लागतात. खूर म्हणजे एकाच बोटाचे वाढलेले नख. बाहेरची भिंत कठीण आणि संवेदनाहीन, आत जिवंत, रक्ताने भरलेला थर, आणि तळव्यात मागच्या बाजूला त्रिकोणी मऊ गादी. ही गादी प्रत्येक पावलाला दाबली जाते आणि धक्का पचवते. खूर महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे टोकाचा भाग पूर्ण नवा यायला साधारण वर्ष जाते. शरीराचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असते. म्हणूनच बहुतेक घोडे पुढच्या पायाने लंगडतात, आणि त्यातही दुखणे बहुधा खुरातच निघते. खांद्यात दुखते आहे अशी मालकाची खात्री असते आणि खडा तळव्यात सापडतो, हा अनुभव जगभरचा आहे.

ठाण्याच्या संदर्भात घोड्याचा सर्वांत प्रसिद्ध जुना उल्लेख मार्को पोलोच्या वृत्तान्तात आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो ठाण्याच्या राज्याविषयी सांगतो, की इथल्या राजाची समुद्री चाच्यांशी बोलणी झालेली आहेत. चाच्यांनी पकडलेल्या जहाजांवरचा बाकीचा माल खुशाल ठेवावा, घोडे मात्र राजाला द्यावेत. अरबस्तान आणि इराणच्या आखातातून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर घोड्यांची प्रचंड आयात होत असे आणि ठाण्याच्या राजाला घोडे मिळवण्याचा हा सोपा मार्ग वाटला. राजाला हे शोभणारे नाही, असा शेराही पोलोने मारला आहे.

घोड्यांच्या पायांविषयी मात्र पोलोचा दुसरा मजकूर जास्त बोलका आहे, आणि तो ठाण्याचा नसून पूर्व किनाऱ्यावरच्या मअबरचा, म्हणजे तमिळ प्रदेशाचा आहे. तिथला राजा दरवर्षी हजारो घोडे विकत घेतो आणि वर्षअखेर त्यातले शंभरही उरत नाहीत, असे तो लिहितो. कारण घोड्यांची निगा कशी राखायची हे तिथे कोणालाच ठाऊक नाही, नालबंद नाहीत, आणि व्यापारी मुद्दामच कोणा जाणत्याला तिकडे जाऊ देत नाहीत, कारण घोडे मेले तरच नवे खपणार. घोड्यांना शिजवलेला भात आणि मांस चारतात, आणि चांगल्या घोडीला चांगला घोडा दाखवला तरी वाकड्या पायांचे, बसायला निरुपयोगी शिंगरू जन्माला येते, अशीही नोंद त्याने केली आहे. आकड्यांत अतिशयोक्ती असेल. निरीक्षण मात्र आजच्या पशुवैद्यकाच्या कसोटीला उतरते. भात आणि कोंडा यांत स्फुरद भरपूर आणि चुना कमी. असा आहार सतत दिला तर शरीर हाडांतला चुना काढून घेते, हाडे ठिसूळ होतात, आणि जनावर आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडते. पिष्टमय आहार एकदम पोटात गेला तर खुराच्या आतला थर सुजतो, ते वेगळेच. भातावर जगणाऱ्या दमट किनाऱ्यावर घोडा का टिकत नाही, याचे उत्तर हवामानाइतकेच दावणीतही होते. ठाण्याचे हवापाणी आणि पीकपाणी मअबरपेक्षा फार निराळे नव्हते.

घोड्यांच्या वैद्यकाचे ज्ञान देशात नव्हते, असे यावरून मानणे मात्र चूक ठरेल. शालिहोत्राच्या नावावर असलेली अश्वशास्त्राची परंपरा कितीतरी जुनी आहे. जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ आणि नकुलाच्या नावाने चालणारे ग्रंथ यांत पायांच्या रोगांना स्वतंत्र जागा आहे. तंजावरच्या मराठे राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने नकुलाचे ‘अश्वशास्त्र’ १९५२ मध्ये रंगीत चित्रांसह छापले, तेव्हा ही परंपरा सर्वांसमोर आली. अडचण ग्रंथांची नव्हती. ग्रंथ राजाच्या पागेत होते आणि घोडा बंदरावर उतरत होता.

मराठेशाहीत या पट्ट्याचे आणि घोड्याचे नाते विचित्रच राहिले. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. पण ज्या सैन्याचा पाया घोडदळ होते त्या सैन्याने इथे आल्यावर जहाजे बांधायला घेतली. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याची खाडी हे मराठी आरमाराचे आरंभस्थान मानले जाते. घोडदळाची खरी वस्ती घाटमाथ्यावर आणि देशावर राहिली. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे आणि पावसाळ्याआधी छावणीला परतायचे हा क्रम केवळ शेतीच्या हंगामाशी जोडलेला नव्हता. भिजलेल्या जमिनीत घोडा चालवणे म्हणजे त्याचे खूर गमावणे, हेही त्यामागे होते. कोकणात घोडदळाची पावसाळी छावणी पडली की काय काळजी लागते, हे चिपळूणच्या छावणीसंबंधीच्या शिवकालीन पत्रावरून दिसते. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणे आणि वैरण आधीच उडवली तर पुढे घोडी उपाशी मरतील, ही त्यातली मुख्य ताकीद. शिवाय उंदराने पेटती वात ओढून नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारीक गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. खुरांचा विषय त्या पत्रात नाही. पण चार महिने दाव्याला उभ्या असलेल्या घोड्याला भरपूर चंदी आणि ओली जमीन मिळाली, तर त्याचे पाय काय होतील, हे त्या काळच्या मोतद्दाराला सांगावे लागले नसते.

सैन्यातल्या दोन पद्धतींचा फरक इथे महत्त्वाचा आहे. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. शिलेदाराला मोहिमेपूर्वी आगाऊ रक्कम मिळे, तिला नालबंदी म्हणत. घोड्याला नाल ठोकून तो मोहिमेला उभा करण्याचा खर्च, असा तिचा मूळ अर्थ. घोडा मेला किंवा कायमचा लंगडा झाला तर शिलेदाराचे भांडवलच बुडाले. म्हणून शिलेदार घोडा धोक्यात घालायला नाखूश असतात, अशी टीका इंग्रज लेखकांनी केली. टीका योग्य की अयोग्य हा वेगळा प्रश्न. पण जनावर ज्याचे, त्याचीच रोजीरोटी त्याच्या पायावर, ही स्थिती पुढे टांगेवाल्याच्या वाट्याला जशीच्या तशी आली. शिलेदाराला निदान नालबंदी मिळत होती.

दख्खनच्या तट्टूंनी पायांचा प्रश्न काही अंशी सोडवला होता. भीमा खोऱ्यातले भीमथडी घोडे अंगाने लहान, पण कणखर खुरांचे आणि थोड्या चाऱ्यावर तग धरणारे म्हणून नावाजलेले. घाट उतरून कोकणात येणारे तट्टू बहुधा याच धाटणीचे असे. अरबी घोडा दिसायला देखणा आणि किमतीला भारी. नाणेघाटाच्या किंवा माळशेजच्या दगडी वाटेवर तट्टूच खरा.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी ३४ किलोमीटरची पहिली आगगाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोहोचली. रेल्वेने घोडा हटवला, असे सरसकट म्हटले जाते. लांबच्या प्रवासापुरते ते खरे. गावात मात्र उलटे झाले. स्थानक गावाबाहेर, वस्ती तळ्याकाठी नाहीतर खाडीकाठी. ठाण्यात स्थानकापासून जांभळी नाका, टेंभी नाक्यापर्यंत आणि कल्याणमध्ये स्थानकापासून पारनाका, दूधनाका, लाल चौकीपर्यंत माणसे आणि सामान पोहोचवायला वाहन हवे होते. भिवंडीला तर रेल्वे फार उशिरा आली. टांगा हे आगगाडीचेच अपत्य म्हणायला हरकत नाही. गाडी आली की चार फेऱ्या, मग पुढच्या गाडीपर्यंत उभे राहणे, हा त्याचा दिवस.

टांगा दोन चाकांचा. हांकणारा पुढे, उतारू मागे पाठीला पाठ लावून. यात वजनाचा तोल फार नाजूक. मागे जास्त माणसे बसली की गाडी उलाळ होते, दांड्या वर उचलल्या जातात आणि घोड्याच्या पोटाखालचा पट्टा आवळतो. पुढे भार आला की तो थेट पाठीवर आणि तिथून पुढच्या खुरांवर पडतो. उतारूंना पुढे सरका, मागे सरका असे सांगणारा टांगेवाला अकारण वैतागलेला नसे. त्याला घोड्याच्या पायांचा हिशेब ठाऊक असे. चढावर भार पुढे आणि उतारावर मागे घ्यावा, एवढी साधी गोष्ट न पाळणाऱ्याचा घोडा लवकर कामातून जाई.

याच काळात रस्ते बदलले. मातीची वाट जाऊन खडीचा रस्ता आला. बसवलेली खडी सुटली की तिची धार तळव्याला लागते; आतून मुका मार बसतो, दोन-चार दिवसांत तिथे पू धरतो आणि घोडा पाय टेकत नाही. पुढे डांबर आले. ते सपाट खरे, पण त्याला लवचीकपणा नाही. लोखंडी नाल त्यावर आपटतो आणि दर पावलाचा धक्का हाडापर्यंत जातो. पहिल्या पावसाच्या सरीत त्याच डांबरावर नाल घसरतो आणि कंडरा ताणली जाते. मातीत घोडा रुतत होता, खडीवर त्याला ठेचा लागत होत्या, डांबराने त्याचे सांधे झिजवले.

या सगळ्यावर त्या काळचा उपाय म्हणजे नालबंद. स्थानकाच्या आसपास, तबेल्याच्या दारात किंवा झाडाखाली त्याचे काम चाले. ऐरण, हातोडी, सांडशी, कानस, खूर तासण्याची सुरी आणि खिळ्यांची पिशवी एवढाच पसारा. मदतनीस घोड्याचा पाय दुमडून धरतो. नालबंद जुन्या खिळ्यांची बाहेर वळवलेली टोके कापतो आणि नाल उपटून आधी तो नालच नीट पाहतो. टोकाकडे जास्त झिजला असेल तर घोडा टाच टेकायला घाबरतो आहे. एका कडेने झिजला असेल तर पाऊल वाकडे पडते आहे. मग वाढलेला खूर तासून कानशीने सपाट करायचा. यातच कौशल्याची कसोटी. नालाला खूर बसवणे सोपे, खुराला नाल बसवणे अवघड. घाईत असलेला नालबंद पहिला मार्ग धरतो, खुराची भिंत बाहेरून घासून नालाच्या मापाची करतो आणि ती पातळ होऊन पुढच्या वेळी खिळा धरेनाशी होते. नाल बहुधा थंडच ठोकला जाई. खिळा संवेदनाहीन भिंतीतून तिरका वर जाऊन बाहेर निघायला हवा. कठीण खुरात खिळा जाताना हातोडीचा आवाज टणक आणि प्रत्येक ठोक्यागणिक वर चढत जाणारा येतो. तो एकाएकी बोदा झाला तर खिळा आतल्या जिवंत थराकडे वळला. तेवढ्यावरच तो उपटून काढणारा नालबंद जाणता. न काढल्यास रक्त येतेच असे नाही. खिळा नुसता जवळून गेला तरी दाब पडतो आणि एक-दोन दिवसांनी घोडा लंगडू लागतो. नाल ठोकल्यानंतरच्या दिवसांत आलेले लंगडणे आधी खिळ्याच्या खात्यावर टाकावे, हा जुना नियम आजही तसाच शिकवला जातो.

साधारण चार ते सहा आठवड्यांनी खूर तासून नाल पुन्हा ठोकणे आवश्यक. कोकणच्या पावसाळ्यात हा अवधी आणखी कमी व्हायला हवा, कारण पाणी शोषून खूर मऊ होतो, खिळे सैल पडतात आणि नाल निघताना भिंतीचा तुकडा घेऊन निघतो. ओल्या, शेणामुतात भरलेल्या तबेल्यात तळव्याच्या मऊ गादीच्या खाचा कुजतात. काळा, घाण वासाचा स्राव येतो. आधी वासावरून कळते, मग लंगडण्यावरून. खाचा साफ करून कोरड्या ठेवायच्या, मोरचूद किंवा आयोडीन लावायचे, जमिनीवर चुना टाकायचा आणि जनावराला कोरडी जागा द्यायची, एवढाच उपचार आहे. त्यातली शेवटची गोष्ट जुलै महिन्यात ठाण्यात किंवा कल्याणात मिळवणे सर्वांत कठीण.

दुखरा पाय ओळखण्याची रीत टांगेवाल्याला आणि पशुवैद्याला सारखीच ठाऊक असते. घोड्याला लगाम सैल धरून कठीण, सपाट जमिनीवर सरळ दुडक्या चालीने पळवायचे. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीला लागताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली करतो. नवखा माणूस डोके खाली गेलेला पाय दुखरा समजतो आणि भलत्याच पायाला लेप लावतो. मागच्या पायात डोक्याऐवजी पुठ्ठा पाहायचा. दुखऱ्या बाजूचा जास्त वरखाली होतो. ज्याने घोडा वर्षानुवर्षे हाकला आहे त्याला पाहावेही लागत नाही. टापांची लय मोडली की आवाजावरूनच समजते. त्यानंतर हाताने तपासायचे. खूर गरम आहे का, खुराच्या वरच्या सांध्यामागे नाडी जोराने उडते आहे का, तळवा दाबल्यावर पाय ओढून घेतो का, कंडरेवर सूज आहे का. खूर गरम आणि नाडी जोरात असेल तर वर शोधत बसू नये.

घरगुती उपचारांत शहाणपण आणि घात शेजारी शेजारी होते. खुरात पू धरला तर तळव्याला छिद्र पाडून तो वाहू द्यायचा आणि अळशीचे पोटीस बांधायचे, हे अचूक. भरपूर चंदीने किंवा कठीण रस्त्यावरच्या जबर श्रमाने दोन्ही पुढच्या खुरांचा आतला थर सुजला, की घोडा पुढचे पाय लांब टाकून भार मागे घेऊन उभा राहतो आणि हलायला तयार होत नाही. अशा वेळी दाणा बंद करून त्याला थंड पाण्यात किंवा मऊ मातीत उभे करणे, हेही योग्यच. पण ताणलेल्या कंडरेला पहिल्याच दिवशी गरम शेक देऊन तेल चोळले जाई, तेव्हा सूज वाढे. पहिले एक-दोन दिवस थंड पाणी, मग पट्टी आणि काही महिने आराम, हा क्रम हवा. सर्वांत दुर्दैवी प्रकार म्हणजे डाग देणे. तापलेल्या सळईने पायावर रेघा किंवा ठिपके उठवले की आतली कंडरा घट्ट होते, अशी समजूत होती. ती फक्त इथलीच नव्हती. युरोपातल्या शर्यतीच्या घोड्यांनाही विसाव्या शतकापर्यंत डाग दिले जात. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासात डाग देऊन कंडरा लवकर भरत नाही, असे आढळले. डागलेला घोडा बरा होई तो डागाने नव्हे. जखम भरेपर्यंत त्याला जुंपता येत नसे, म्हणून नाइलाजाने मिळालेल्या विश्रांतीने.

संस्थात्मक पशुवैद्यक या भागाला मुंबईमार्गे मिळाले. मुंबईत १८३४ मध्ये पांजरपोळ सुरू झाली होती. तिथे अपंग जनावराला आसरा मिळे. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था निघाली. सर दिनशॉ पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय १८८३ मध्ये उभे राहिले आणि त्याच्या शेजारी १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जॉन हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. त्या काळातल्या पशुवैद्यकात घोडा केंद्रस्थानी होता. लष्कर, ट्राम, व्हिक्टोरिया बग्ग्या सगळे त्याच्यावरच चाले. नसेभोवती बधिर करणारे औषध टोचून दुखण्याची जागा एकेक करून वगळत जायची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोकेनच्या वापराबरोबर आली, आणि लंगडण्याच्या निदानात तिच्याइतका मोठा बदल क्ष-किरण येईपर्यंत झाला नाही. घोट्याजवळ औषध टोचल्यावर घोडा सरळ चालू लागला तर दुखणे त्याखाली आहे. नाही चालला तर वर शोधायचे.

पण लंगडा घोडा ठाण्याहून परळला न्यायचा कसा? चालवत नेला तर दुखणे वाढणार, गाडीत चढवायचा तर खर्च. शिवाय डॉक्टरचे पहिले औषध विश्रांती. तेच सर्वांत स्वस्त, आणि एका घोड्यावर घर चालवणाऱ्याला तेच सर्वांत महाग. कंडरेच्या दुखण्याला तीन महिने आराम सांगितला तर तीन महिन्यांची चंदी घालायची कोठून? म्हणून घोडा थोडा सावरला की जुंपला जाई, पुन्हा बसे, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला कायमचा अधू होई. १८९० च्या क्रौर्यप्रतिबंधक कायद्याने अपंग जनावर कामाला लावणे गुन्हा ठरवले. १९६० च्या कायद्याने तेच पुन्हा, अधिक स्पष्टपणे सांगितले. ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी १९६५ मध्ये झालेल्या नियमांत दिवसाला नऊ तासांहून आणि सलग पाच तासांहून जास्त काम नको, पारा ३७ अंशांवर असेल तिथे दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये, गाडीत हांकणाऱ्याखेरीज चार जणांपेक्षा जास्त माणसे नकोत, अशी बंधने आली. नियम नेमके आहेत. पण ते टांगेवाल्याला दंड करू शकत होते; घोडा बसलेला असताना त्याच्या घरची चूल पेटती ठेवण्याची तरतूद त्यांत कुठेच नव्हती. मुळातला प्रश्न तिथेच होता.

१९५० च्या दशकात फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक घोड्यांसाठी वापरात आले आणि वरवर पाहता ही कोंडी फुटली. गोळी दिली की घोडा चालतो. पण ती दुखणे लपवते, बरे करत नाही. न दुखणाऱ्या पायावर घोडा पूर्ण भार टाकतो आणि अर्धवट तुटलेली कंडरा पूर्ण तुटते. जास्त दिवस दिल्यास पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंड बिघडते. पशुवैद्याच्या देखरेखीखाली आणि विश्रांतीच्या जोडीनेच त्याला अर्थ आहे.

टांगे संपले ते मात्र कायद्याने नव्हे, रिक्षाने. १९४९ मध्ये कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांच्या जागी उल्हासनगर वसले, मग डोंबिवलीची औद्योगिक वसाहत आली, १९८२ मध्ये ठाणे आणि १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका झाली; लोकसंख्येला घोड्याचा वेग पुरेनासा झाला. कल्याण स्थानकाच्या पश्चिमेला टांगे रिक्षांच्या गर्दीतही बराच काळ तग धरून होते. मुंबईत ८ जून २०१५ रोजी उच्च न्यायालयाने हौशी फेऱ्यांच्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या. घोड्यांचे खूर, त्यांचे कोंदट तबेले आणि डांबरी रस्त्यांवरचे काम हे त्या वादातले कळीचे मुद्दे होते. ठाण्यात घोडा उरला तो तलावपाळीच्या संध्याकाळच्या फेऱ्यांपुरता आणि लग्नाच्या वरातीत.

जुन्या ठाणे जिल्ह्यातले कष्टकरी घोडे आज मोठ्या संख्येने दिसतात ते माथेरानला. ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हा डोंगर थंड हवेसाठी शोधला तेव्हा तो ठाणे जिल्ह्यात होता. आता रायगडमध्ये आहे. १९०७ मध्ये छोटी आगगाडी वर आली, तरी मोटारींना बंदी असल्याने घोडा टिकला. जांभ्याची लाल मातीची वाट खुराला फारशी वाईट नाही. ती धक्का सोसते, आणि पावसात निसरडी झाली तरी नाल तिच्यात थोडा रुततो. अलीकडे धूप थांबवण्यासाठी त्या वाटांवर भाजलेल्या मातीचे पेव्हर ब्लॉक बसवले जाऊ लागले, तेव्हा घोडे घसरतात अशी हरकत घोडेवाल्यांनी घेतली. पर्यटकाच्या चालीला सोयीचा पृष्ठभाग लोखंडी नालाला सोयीचा असतोच असे नाही, हे कल्याणच्या खडीने आणि डांबराने शंभर वर्षांपूर्वीच दाखवले होते.

वरातीच्या घोड्याचे दुखणे टांग्याच्या घोड्यापेक्षा वेगळे. लग्नसराईत तो रात्र रात्र डांबरावर उभा असतो, फटाके आणि ढोलांच्या आवाजाने बिचकून पाय मुरगाळतो. हंगाम सरला की दावणीला बांधून चंदी खातो. टांग्याच्या घोड्याचा नाल रस्त्यावर झिजे, त्यामुळे नालबंदाकडे जाणे टळत नसे. बसून असलेल्या घोड्याचा नाल झिजत नाही, म्हणून मालक थांबतो. नालाखाली खूर मात्र वाढतच राहतो, टोक लांबते, टाच खाली बसते आणि प्रत्येक पावलाला मागच्या कंडरेवर ताण येतो. त्यात टांगे गेल्यावर नालबंदाला पुरेसे घोडे उरले नाहीत. पूर्वी जो स्थानकाबाहेर बसलेला असे, त्याला आता दुसऱ्या गावाहून बोलवावे लागते, आणि एका घोड्यासाठी यायला तो सहसा तयार होत नाही.